गोटे सर आणि उन्हाळ्याचा बंदोबस्त

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात मार्च लागला की दोन गोष्टी वाढायच्या, एक ऊन आणि दुसरे गोटे सर. उन्हाचं एक बरं असतं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिडक्यांना ओली चादर लावून माणूस त्याच्यापासून स्वतःला वाचवू शकतो. सरांपासून वाचायची काही सोय नव्हती. घर आमच्या अगदी समोर, आणि शाळेत त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून. सकाळी दार उघडलं की सर, शाळेत पोचलं की सर, आणि दोन्हीकडे त्यांच्या हातात पेला.

सुधाकर गोटे, विषय भूगोल. पण भूगोल हा त्यांचा पगाराचा विषय. जिव्हाळ्याचा विषय म्हणजे उन्हाळ्यात काय प्यावं. समुद्रातले थंड प्रवाह शिकवता शिकवता त्यांची गाडी वाळ्याच्या पाण्यावर कधी वळायची ते पोरांना कळायचंही नाही. एकदा वार्षिक परीक्षेत एका पोरानं विषुववृत्तीय प्रदेशातल्या लोकांच्या राहणीमानावर लिहिताना 'त्यांनी सकाळी सब्जा भिजवून प्यावा' असं लिहिलं. सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि पेपर स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. विषुववृत्त कुठून जातं ते त्या पोराला आजही माहीत नसेल, पण सब्जा मात्र तो नक्की पीत असणार.

अंगानं हडकुळे, उंच, पांढरा शर्ट, डोक्यावर ओला पंचा आणि पॅंटच्या खिशात कांदा. उन्हात निघताना खिशात कांदा ठेवायची रीत आमच्याकडे घरोघर आहे, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण बाकीची माणसं कांदा शेतात जाताना ठेवतात. सर तो पालकसभेतही ठेवायचे. एप्रिलच्या शेवटी शेवटी तो खिशातल्या खिशात शिजायला लागायचा, मग मुख्याध्यापक अगदी आदरानं म्हणायचे, "सर, तुम्ही जरा खिडकीपाशी बसा." सरांना वाटायचं, आपल्याला हवेशीर जागा दिली.

मी शाळेत नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी तपासणी करून टाकली.

"मॅडम, तुमची प्रकृती पित्ताची."

"कशावरून?"

"बोलण्यावरून."

"नाडी तरी पाहा आधी."

"नाडी कायले पाह्यतो? तुमी वर्गात बोलता तं माह्या वर्गातली पोरं गप्प बसतात. हे पित्तच हाये. धन्या-जिऱ्याचं पाणी घेत जा."

आता माझं बोलणं पित्ताचं की सरांच्या वर्गाशेजारी राहिल्याचा परिणाम, हा संशोधनाचा विषय होता. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर तांब्या यायला लागला. धने-जिरे रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून, वर खडीसाखर. प्यायला काही वाईट नव्हतं. पण सर समोर उभे राहून आपल्या गळ्याकडे बघत राहायचे, आणि शेवटचा घोट गिळून झाला की "उतरलं" म्हणायचे. काय उतरलं, कुठं उतरलं, हे विचारायची सोय नव्हती. कारण मग अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

त्यांचा सगळा आधार ग्रंथाचा. "ग्रंथात लिहून हाये" म्हटलं की वाद संपला. कोणता ग्रंथ, असं मी एकदा विचारलं. "मोठा हाये," ते म्हणाले, "तुमाले नाई समजणार." मराठीची शिक्षिका मी, मला ग्रंथ समजणार नाही, आणि भूगोलाच्या माणसाला समजणार. असो. त्या ग्रंथात फ्रीजवर फारच कडक लिहिलेलं असावं, कारण फ्रीजचं पाणी म्हणजे सरांच्या लेखी विषाच्या खालोखाल. त्यांच्या पुण्यातल्या मुलीनं हौसेनं घरी फ्रीज पाठवला होता. तो दिवाणखान्यात उभा होता, पण त्याला कधी वीज मिळाली नाही. वरच्या कप्प्यात खडीसाखर, वाळ्याच्या जुड्या, वाळवलेली पळसाची फुलं, आणि खालच्या कप्प्यात सरांचे स्वेटर. उन्हाळ्यात गार राहण्यासाठी घेतलेल्या यंत्रात हिवाळ्याचे कपडे ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मोबाइल आल्यावर तर सरांना पंखच फुटले. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे 'आजचं पेय' यायचं. सोमवारी कैरीचं पन्हं, मंगळवारी ज्वारीची आंबील, बुधवारी बेलाचं सरबत. खाली गुण, दोष, कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये. शिक्षण खात्याचं महत्त्वाचं परिपत्रक त्या गर्दीत तीनदा हरवलं, आणि ते हरवलं म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही, हेही सांगून टाकते.

आणि पाणपोई. पाणपोया आमच्याकडे गावोगाव लागतात, लोक वडिलांच्या नावानं, आईच्या नावानं लावतात. सरांनी स्वतःच्या कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली रांजण मांडला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं, आत वाळ्याची जुडी सोडली. इथवर छान. पण सर मुळात शिक्षक. त्यांनी वर एक पाटी लावली, तिच्यावर नियम. उन्हातून आल्याबरोबर पिऊ नये, थोडं थांबावं. घटाघटा पिऊ नये. उभ्यानं पिऊ नये, बसून प्यावं. बसायला बाक मात्र ठेवला नव्हता. केनवडकडून, इंझोरीकडून एसटीनं आलेली माणसं आधीच घामानं निथळत असायची, ती पाटी वाचायची, आजूबाजूला पाहायची आणि निमूट धुळीत उकिडवी बसून पाणी प्यायची. सर खिडकीतून पाहायचे. कुणी उभ्यानं प्यालं की आतून आवाज, "ओ भाऊ, बसा न बापा. गुडघ्यात पाणी उतरते." आता पाणी गुडघ्यात कसं उतरतं ते तो ग्रंथच जाणे.

हे सगळं सरांच्या नावावर असलं तरी करत कोण होतं, तर मंदा वहिनी, त्यांच्या पत्नी. परसात चूल होती. वहिनी एप्रिल-मेच्या उन्हात त्या चुलीपाशी बसून निखाऱ्यात कैऱ्या भाजायच्या, साल काढायच्या, गर कोळायच्या, गूळ किसायच्या, वेलची कुटायच्या. सर पंख्याखाली बसून सैंधवाचं महत्त्व सांगायचे. मग वहिनी पातेलं आणायच्या, सर एक चमचा चाखायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "जमलं मले." गावात त्याला 'गोटे सरांचं पन्हं' म्हणत. दुसऱ्यांना थंड ठेवण्यासाठी एक बाई दिवसभर विस्तवापाशी बसते यात काही गंमत आहे, असं मी एकदा सरांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "तिची प्रकृती कफाची हाये मॅडम. तिले उष्णता मानवते." वहिनी मात्र हसल्या आणि म्हणाल्या, "असू द्या वो बाई. त्याहीले पाजाची हौस हाये, मले कराची."

मान्य करायला हवं की सरांच्या पेयांनी शाळेचा फायदाही झाला. एकदा तपासणीला साहेब आले. असे साहेब आले की मुख्याध्यापक चौकातून बाटलीतला थंडा मागवायचे. आमच्याकडे पाहुण्याला थंडा पाजला नाही तर पाहुणा घरी जाऊन सांगतो. पण त्या दिवशी थंडा यायच्या आत सर बेलाचं सरबत घेऊन केबिनमध्ये शिरले. साहेब नको नको म्हणत होते. सरांनी त्यांच्या जिभेचा रंग पाहिला, आतड्यांची चौकशी केली, आणि आधी एक आणि मग दुसरा असे दोन पेले त्यांना पाजले. नंतर साहेबांचं जेवण झालं, आणि मग दुपारच्या त्या शांततेत ते खुर्चीतच झोपी गेले. उठले तेव्हा शाळा सुटायला आली होती. 'शाळेचे वातावरण अत्यंत शांत व प्रसन्न' असा शेरा मारून ते गेले. तेव्हापासून मुख्याध्यापकांनी प्रत्येक तपासणीला बेलाचं सरबत ठेवायचं धोरणच करून टाकलं. शिक्षणक्षेत्रात आयुर्वेदाचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे कुठं झाला असेल असं मला वाटत नाही.

पण सगळीच पेयं बेलासारखी नसतात, हे तालुक्याला बहाव्यानं शिकवलं. मे महिन्यात सगळ्या शिक्षकांचं प्रशिक्षण आमच्या शाळेत भरलं होतं. विषय होता आनंददायी शिक्षण. वर पत्रे, पंखे होते पण वीज नव्हती, आणि आनंद कसा द्यायचा हे सांगायला जिल्ह्याहून एक तज्ज्ञ आले होते. त्या वर्षी केनवडच्या वाटेवर बहावा फार फुलला होता, झाडांवर नुसते पिवळे घोस. सरांनी पोतंभर फुलं आणली, खडीसाखरेत घालून उन्हात मुरवली आणि त्या गुलकंदाचं सरबत केलं. "गुलाबाचा गुलकंद तं कोनीबी करते," सर सांगत होते, "हे इशेष हाये." विशेष होतंच. चवीला गोड, वासाला मंद. लोकांनी मागून मागून घेतलं. तज्ज्ञांनी तर पाण्याऐवजी तेच ठेवायला सांगितलं.

बहावा हे सौम्य रेचक आहे, लहान लेकराला बोटाच्या टोकावर चाटवतात, ही ओळ सरांच्या ग्रंथातून गळालेली असावी. जेवणानंतर गटकार्य होतं. गट पडायच्या आत माणसं पडली. आमच्या शाळेत स्वच्छतागृहं कागदावर पाच आणि जमिनीवर एक. त्यापुढे सबंध तालुक्याचे शिक्षक रांगेत, ज्येष्ठता वगैरे सगळं विसरून. काही जण मैदानापलीकडच्या, अजून न उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीच्या वावरात दिसेनासे झाले. आणि त्या रांगेशेजारी सर हातात तांब्या घेऊन उभे, प्रत्येकाला धीर देत, "उष्णता निघून राह्यली. निघू द्या. अडवू नका." तज्ज्ञांनी नंतर अहवालात लिहिलं, प्रशिक्षणार्थींचा सहभाग उत्स्फूर्त होता. सरांनी चूक म्हणून कधी कबूल केली नाही. फार छेडलं तर म्हणायचे, "मात्रा थोडी जास्त झाली असन. पण शरीर शुद्ध झालं का नाई?"

असा हा माणूस. दुसऱ्याच्या शरीरात काय चाललंय हे बाहेरून बघून सांगायची त्यांची खात्री इतकी पक्की होती की ती कधी चुकेल असं त्यांना वाटलंच नाही. ती घरातच चुकली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वहिनींचे पाय सुजायला लागले. सकाळी चेहरा भरलेला दिसायचा, चूल पेटवायला बसल्या की दम लागायचा. सरांनी निदान केलं, उष्णता. उपाय, पाणी. वाळ्याचं, धन्याचं, मनुकांचं, जवाचं. जेवढी सूज वाढली तेवढे तांबे वाढले. मी रोज समोरून बघत होते. एक दिवस वहिनी दारात बसल्या होत्या आणि त्यांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा खड्डा उमटलेला होता, तो काही केल्या भरेना. मी तशीच उठून आत गेले.

"सर, वहिनींना दवाखान्यात न्या."

"उष्णता निघून राह्यली मॅडम. पायातून उतरते ते."

"उतरत नाहीये, चढतंय. वाशीमला न्या. आज न्या. तुम्हाला जमत नसेल तर मी नेते."

मी वर्गात बोलते त्याच आवाजात बोलले असणार, कारण ते गप्प बसले. वहिनी म्हणाल्या, "बाई म्हनते तं दाखवून येऊ न वो एकदा." दुपारच्या एसटीनं आम्ही तिघं गेलो.

किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, वाशीमला. शिवाय डॉक्टरांनी टेबलावरची एक छोटी बाटली उचलून दाखवली आणि म्हणाले, दिवसभरात पाणी एवढंच. चहा, वरण, ताक, सगळं धरून एवढंच. शहाळं नाही, फळांचा रस नाही, पन्हं तर नाहीच नाही. प्यायलेलं पाणी बाहेर टाकणारं यंत्रच शरीरात उरलं नाही, तर ते छातीत साचतं.

सरांनी डॉक्टरांशी वाद घातला. मी तिथं होते, मीच सोबत गेले होते. ते म्हणाले, "साहेब, वाशीम जिल्ह्याचा मे महिना हाये. एवढ्याशा पाण्यात माणूस कसा राहीन?"

डॉक्टर तरुण होते, इकडचेच होते. म्हणाले, "काका, किडनीले मे महिना समजत नाई."

सरांनी तोंड उघडलं होतं. ग्रंथ काढतील असं मला वाटलं. पण ते ती बाटली हातात घेऊन नुसती फिरवून पाहत राहिले.

आता गंमत बघा. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला पाणी पाजलं, नको म्हणणाऱ्याला धरून पाजलं, त्याच्या हातात नियतीनं माप दिलं ते बायकोला पाणी न देण्याचं. एवढी कडक तिरकस बुद्धी माझी, पण हे मलाही सुचलं नसतं.

सरांनी सुरुवातीला पाळलंही. पण एका दुपारी वहिनींनी मागितलं. मे महिना, वीज गेलेली, घरातल्या भिंतीसुद्धा तापलेल्या. जीभ टाळूला चिकटली होती त्यांच्या. म्हणाल्या, फुलपात्रभर पन्हं द्या, जास्त नको. सरांनी दिलं. आपल्या हातानं केलं, गूळ जरा जास्त घातला. एका फुलपात्रावर भागलं नाही, दुसरं दिलं. संध्याकाळी वाशीमहून आणलेलं शहाळंही फोडलं, कारण शहाळ्यानं कुणाला कधी अपाय झालाय का. वहिनींना आडवं पडता येईना, श्वास पुरेना. रिक्षा, मग ॲम्ब्युलन्स. त्या वाचल्या. डॉक्टरांनी सरांना व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, शिकलेले असून असं करता म्हणून झापलं. सर हात बांधून उभे होते. मी त्यांच्या वर्गात कितीतरी पोरं तशी उभी राहिलेली पाहिली होती. सरांना तसं उभं राहिलेलं बघताना मला वाईट वाटलं, सरळ सांगते, फार वाईट वाटलं.

परत आल्यावर त्यांनी पाणपोई बंद केली. म्हणजे रांजण उचलून गल्लीच्या टोकाशी शाळेच्या फाटकापाशी नेऊन ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "घरात ऐकू येते. ओगराळं बुडते, पाणी पडते. तिले ऐकू येते." पाटी काढून टाकली होती. लोक आता खुशाल उभ्यानं प्यायला लागले. ग्रुपवर 'आजचं पेय' येईना, आणि शिक्षण खात्याची परिपत्रकं वाचायची पाळी आमच्यावर आली.

पण सरांची मूळ खोड जाईना. अर्धवट काही करणं त्यांना माहीतच नव्हतं. आता त्यांनी वहिनींसमोर पाणी प्यायचं सोडलं. घरात पेला तोंडाला लावायचा नाही. तहान लागली की रस्ता ओलांडून आमच्याकडे यायचे, मागच्या पडवीत माठापाशी उभे राहून एक पेला प्यायचे आणि तोंड पुसून परत. मी म्हणायची, "सर, बसून प्या, गुडघ्यात उतरेल." एरवी त्यांनी मला सोडलं नसतं. आता नुसते मान हलवायचे. मग ते येणंही कमी झालं. मी विचारलं, तर म्हणे, ती तिकडं तहानेली अन् मी इथं पेतो, हे बरोबर नाही. उतरत नाही घशाखाली.

मी खूप बोलले. म्हटलं, हा कुठल्या ग्रंथातला उपचार? तुम्ही वाळल्यानं वहिनींची किडनी चालू होणार आहे का? पण सर वादात हरणारे नव्हते, कारण आता ते वादच घालत नव्हते. ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते. पंचासुद्धा कोरडा बांधायला लागले होते.

व्हायचं तेच झालं. डायलिसिसच्या दिवशी सकाळची एसटी चुकली, पुढच्या गाडीची वाट बघत दोघं स्टँडवर थांबले, आणि ऐन दुपारी सर उभ्या उभ्या खाली आले. खिशात कांदा होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. मला फोन आला तेव्हा मी धावत गेले. फलाटावर वहिनी मांडी घालून बसल्या होत्या, सरांचं डोकं मांडीवर, आणि जिच्या स्वतःच्या पायात उभं राहायचा जोर नव्हता ती बाई पदरानं त्यांना वारा घालत होती. कुणीतरी त्यांच्या तळपायांना कांदा चोळत होतं, कुणी तोंडावर पाणी मारत होतं. आम्ही सरांना गावातल्याच दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. वहिनींचं त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले, पण तोवर त्यांचा चेहरा पुन्हा भरला होता आणि गाडीत त्यांना बोलता येत नव्हतं.

मी त्याच जूनमध्ये निवृत्त होऊन मुलाकडे अमरावतीला येणार होते. सामान बांधून झालं होतं. वहिनींना हे ठाऊक होतं. म्हणून असेल, निघायच्या आधी दोनएक दिवस त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, "बाई, बाजारातून कैऱ्या आनता का? आंबट पाह्यजा."

मी म्हटलं, "वहिनी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माह्यासाठी नाई वो. आना तं."

आणल्या. त्यांनी मला चूल पेटवायला लावली आणि स्वतः पाटावर बसून कैऱ्या भाजल्या. मध्ये मध्ये थांबून दम घेत, पण मला हात लावू दिला नाही. साल काढली, गर कोळला, गूळ घातला. वेलची, जिरं, सैंधव. चाखायची वेळ आली तेव्हा चमचा माझ्यापुढं केला. मी चाखलं. त्यांनी विचारलं, "मीठ?" मी म्हटलं, बरोबर आहे. मग त्यांनी दोन पेले भरले आणि सरांना हाक मारली.

सर आले. पेले बघून दारातच थांबले.

"बसा," वहिनी म्हणाल्या.

"मंदा, तुह्यासमोर नाई."

"माह्यासमोरच. तिकडं बाईच्या घरी लपून पेत होते, मले का समजत नाई? बसा म्हनतो न मी."

सर खाली बसले. पेला हातात घेतला, पण तोंडाला लावेनात. वहिनी त्यांच्या समोर सरकून बसल्या. रागानं नाही, पण एका दमात जेवढं बोलता येईल तेवढं बोलल्या, "तुमी पडले तं मले वाशीमले कोन नेईन? पोरगी पुन्याले. बाई चालली अमरावतीले. तुमी माह्यासाठी वाळून राह्यले अन् त्यानं मीच मरतो. हे कायच्या ग्रंथात लिहून हाये?"

मी इतकी वर्षं जे विचारत आले त्याला सरांनी कधी दाद दिली नव्हती. आताही दिली नाही. त्यांनी पेला उचलला आणि पहिला घोट घेतला. वहिनी त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या, आणि प्रत्येक घोटाला त्यांच्या स्वतःच्या कोरड्या ओठांची थोडी हालचाल होत होती. त्यांना ते कळत नसावं. सरांना दिसत होतं. ते डोळे मिटायला गेले, तर वहिनी म्हणाल्या, "डोये उघडे ठेवून प्या."

पेला रिकामा झाला.

"कसं लागलं?"

गुण, दोष, मात्रा, प्रकृती, काही नाही. सर म्हणाले, "गोड हाये."

"थंड वाटलं?"

"वाटलं."

वहिनींनी दुसरा पेला उचलून त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, "हा माह्या वाट्याचा. हळू हळू प्या."

सरांनी तो दोन्ही हातांत धरला. तोंडाला लावला तेव्हा पन्हं थोडं शर्टावर सांडलं, पण त्यांनी पेला खाली ठेवला नाही. बायकोकडे बघत, एकेक घोट करत, त्यांनी तोही संपवला.